कुंकू पुसणारे हात

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवरच सांगून टाकला: धर्माच्या आणि रूढीच्या नावाखाली बाईवर होणारा अन्याय, आणि तो दाखवणारे चित्रपट. अशा चित्रपटांची यादी करायला बसलं तर पान सहज भरतं, पण यादी वाचून कुणाच्या हाती फारसं काही लागत नाही. शिवाय या विषयावरचे लेख ठरलेल्या वाटेने जातात. आधी रूढी किती क्रूर, मग दिग्दर्शक किती धाडसी आणि शेवटी प्रेक्षक किती हेलावले. ती वाट नको म्हणून मी तीन चित्रपट पक्के केले आणि ते ज्या मुलखातून आले तिकडे निघाले.

पुण्याच्या ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७), कर्नाटकच्या मलनाडातल्या ब्राह्मण वस्तीची गोष्ट सांगणारा कन्नड ‘घटश्राद्ध’ (१९७७) आणि कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या, यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा ‘जोगवा’ (२००९). पुण्याहून सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला उतरत गेलं की तिन्ही मुलूख ओळीने लागतात. भाषा बदलते, जात बदलते, देवही बदलतात. बाईला माणसांतून बाजूला काढायची पद्धत मात्र ओळखीचीच राहते.

या पट्ट्यात शिरोळ तालुका येतो आणि त्यात हेरवाड. लेखाचा सूर लागला तो तिथे.

बांगड्या कोण फोडतं?

हेरवाड हे कुरुंदवाडजवळचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी इथे ठराव झाला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे सगळं गावात बंद. करोनाच्या दोन वर्षांत कर्ती माणसं गेली होती आणि ऐन तारुण्यातल्या बायका मागे राहिल्या होत्या. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे हा विषय लावून धरत होते. हेरवाडने तो उचलला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. गाव वर्तमानपत्रांत गाजलं, टीव्हीवर दिसलं.

या सगळ्या बातम्यांत एक माणूस मात्र कधी येत नाही, तो म्हणजे बांगड्या प्रत्यक्ष फोडणारा. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावात, सोप्यावर बसलेल्या बायकांना मी हेच विचारलं. पहिल्यांदा कुणी बोलेना. मग साठी ओलांडलेल्या एका बाईंनी सगळं रीतसर सांगितलं. आधी त्या बाईला न्हाऊ घालायचं. हिरव्या बांगड्या भरायच्या, कपाळभर मळवट भरायचा, केसांत फुलं माळायची, म्हणजे शेवटचं नटवायचं. मग ते सगळं उतरवायचं. आणि उतरवायला सवाशीण चालत नाही, विधवाच लागते.

“माझ्या फोडल्या त्या माझ्या चुलतसासूनं,” त्या म्हणाल्या. “तिच्या कुणीतरी फोडल्या असत्याल. मग भावकीत असं काय झालं की मला बोलावणं यायचं. मी गेली बी. राग न्हवता मनात. करायला पायजे म्हणून केलं.”

त्या हे सांगत असताना त्यांच्या मनगटांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात भुंडे होते. गावात ठराव झालाय का, असं विचारल्यावर त्या हसल्या. झालाय, म्हणाल्या. पण संक्रांतीचं हळदी-कुंकू ग्रामपंचायत करत नाही, शेजारीण करते, आणि बोलवायचं की नाही ते तीच ठरवते.

‘राग न्हवता मनात’ हे शब्द पुढे तिन्ही चित्रपट बघताना कानात राहिले. रूढी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा जाड भुवयांचा धर्ममार्तंड येतो. प्रत्यक्षात रूढी चालते ती साध्या, ओळखीच्या आणि बऱ्याचदा मायेच्या हातांनी. कुणीतरी पाट मांडतं, कुणी पाणी तापवतं, कुणी बोलावणं घेऊन जातं. हे हात दाखवू शकले तेच चित्रपट टिकले, असं मला या फिरण्यात वाटू लागलं.

पुण्यातलं एक घर

‘कुंकू’ची गोष्ट ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. मामा पैशासाठी भाचीला फसवतो आणि एका वयस्क, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. लग्न लागल्यावर नीराला कळतं की नवरा बापाच्या वयाचा आहे. ती त्या घरात राहते, पण त्याची बायको व्हायला साफ नकार देते. शांता आपटेंनी केलेली ही नीरा रडत बसणारी नाही. ती उलट उत्तर देते, दार लावून घेते, अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला चोपून काढते. मधेच लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते.

आज चित्रपट बघताना पहिल्यांदा जाणवते ती शांतता. व्ही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. घरात आणि रस्त्यावर जे ऐकू येईल तेवढंच प्रेक्षकाला ऐकू येतं. त्यामुळे एरवी व्हायोलिनने झाकून टाकलेलं अवघडलेपण इथे उघडं पडतं. वाईट कधी वाटून घ्यायचं ते सांगायला वाद्यं नाहीत, त्यामुळे प्रेक्षकही त्या घरात पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

केशवराव दात्यांचे काकासाहेब दुष्ट नाहीत, ही या चित्रपटाची खरी ताकद. ते सुशिक्षित आहेत, कायदा जाणतात, घरात मान राखून आहेत. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्येच झाला होता. पण त्या कायद्याला मुलीचं वय मोजता येत होतं, नवऱ्या-मुलीतलं अंतर मोजता येत नव्हतं. कायद्याच्या नजरेने काकासाहेबांनी गुन्हा केलेला नाही. मामाने व्यवहार केला, भटजींनी मुहूर्त काढला, लोक पंगतीला जेवून गेले. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचं थोडंसं काम केलं आणि त्या थोड्या-थोड्यातून एका मुलीचं आयुष्य संपवायची पूर्ण तयारी झाली.

नीराच्या बाजूने उभी राहते ती काकासाहेबांचीच विधवा मुलगी. ही भूमिका केली होती शकुंतला परांजपे यांनी, म्हणजे रँग्लर परांजप्यांच्या कन्येने. प्रत्यक्षातही त्यांनी र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम केलं, आणि ज्या काळात तो शब्द चारचौघांत उच्चारणंही कठीण होतं त्या काळात केलं. पडद्यावर सासू-सून, सावत्र आई-मुलगी अशी ठरलेली भांडणं असतात. इथे मात्र ही सावत्र मुलगी आपल्याहून लहान आईच्या पाठीशी उभी राहते.

शेवटी काकासाहेबांना चूक उमगते. ते नीराला मोकळं करतात ते स्वतःचा जीव देऊन, आणि मागे चिठ्ठीत तिने पुन्हा लग्न करावं असं लिहून ठेवतात. १९३७ च्या मानाने हे मोठंच पाऊल होतं. आज बघताना मात्र लक्षात येतं की सुटकेचा मार्ग वैधव्यातूनच गेला. चिठ्ठीत परवानगी आहे, पण दुसऱ्या दिवशी घरात कोणकोणत्या बायका जमल्या असतील, त्यांच्यातल्या कुणाचा हात नीराच्या कपाळाकडे गेला असेल, ते चित्रपट दाखवत नाही. हेरवाडचा ठराव जिथून सुरू होतो, तिथे ‘कुंकू’ संपतो.

स्टुडिओचं फाटक

‘प्रभात’ची सुरुवात कोल्हापुरात १९२९ ची. पुढे कंपनी पुण्याला आली आणि ‘कुंकू’ तिथे घडला. ते आवार म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने गेलं की तिचं फाटक लागतं आणि आतमध्ये ‘प्रभात’चा जुना स्टुडिओ अजून उभा आहे.

‘प्रभात’च्या फाटकाशी १९३९ मध्ये शांता आपटे उपोषणाला बसल्या. भांडण कंपनीशी असलेल्या कराराचं होतं. पडद्यावर नीरा होऊन नाही म्हणणारी बाई आपल्याच कंपनीच्या दारात नाही म्हणत बसलीय, हे लोकांनी येता-जाता बघितलं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून सिनेमाच्या धंद्याचं आतलं चित्र मांडलं. बाईवरच्या अन्यायाचे चित्रपट काढणारी जागा अन्यायातून सुटलेली असते असं नाही, ही आठवण करून द्यायला ते उपोषण पुरेसं आहे.

याच आवारात पुढे गिरीश कासरवल्ली शिकले आणि शिक्षण संपल्यावर दोनेक वर्षांत त्यांनी ‘घटश्राद्ध’ केला.

जिवंतपणी श्राद्ध

यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा हा कृष्णधवल चित्रपट. उडुप नावाचे वैदिक गृहस्थ घरीच वेदपाठशाळा चालवतात. त्यांची विधवा मुलगी यमुना त्याच घरात राहते. नाणी नावाचा लहानगा शिकायला येतो. घराची आठवण येऊन तो रडतो, मोठी मुलं त्याला छळतात. यमुनाच त्याला जवळ घेते. सगळी गोष्ट आपल्याला या पोराच्या नजरेतून दिसते. त्यामुळे कितीतरी गोष्टी अर्ध्या दिसतात: बंद दार, रात्रीची कुजबूज, ओकारीचा आवाज. यमुनाला गावातल्या मास्तरापासून दिवस गेलेले असतात. नाणीला ते कळत नाही, पण काहीतरी भयंकर चाललंय हे कळतं. बघणाऱ्याला सगळं कळत असतं आणि काहीच करता येत नाही.

मग रूढीची यंत्रणा कामाला लागते. मोठी मुलं पाळत ठेवतात आणि बातमी फोडतात. पालक आपापली मुलं घेऊन जायला लागतात. उडुपांची पाठशाळा बंद पडायची वेळ येते. त्यांचं पोट, मान, देणग्या, सगळं त्या पाठशाळेवर. गाव त्यांच्यापुढे एक रस्ता ठेवतं: मुलगी मेली असं समजून तिचं श्राद्ध घाला. बाप जिवंत मुलीचे अंत्यविधी करतो, घट फुटतो, आणि त्या क्षणापासून ती कुणाची कुणी उरत नाही. तिच्या डोक्यावरचे केस उतरवले जातात.

कासरवल्लींनी हा विधी भडक केलेला नाही. मंत्र नेहमीच्या चालीत म्हटले जातात. माणसं नेहमीच्या सवयीने आपापल्या जागी बसतात. कुठेही पूजा चालू असावी तसं सगळं शिस्तीत होतं, आणि या शिस्तीचीच धडकी भरते.

कोल्हापुरात एका छोट्या फिल्म क्लबमध्ये हा चित्रपट कॉलेजच्या मुलामुलींबरोबर पाहिला. दिवे लागल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “त्या मास्तरचं काय झालं?” कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण चित्रपटात मास्तरला काहीच होत नाही. दिवस गेले यमुनाला, श्राद्ध यमुनाचं, केस यमुनाचे. मास्तर नुसता दिसेनासा होतो. आणि शेवटाकडे आपल्याला कळतं की म्हाताऱ्या उडुपांचं लग्न एका तरुण मुलीशी ठरतंय.

म्हणजे ‘घटश्राद्ध’ जिथे संपतो तिथे ‘कुंकू’ सुरू होतो. म्हाताऱ्याशी मुलीचं लग्न लावायचं, तो मेला की तिला विधवा करायचं, ती चुकली की तिला मेलेली ठरवायचं आणि रिकाम्या जागी पुन्हा एक मुलगी आणायची. दोन भाषांतले, चाळीस वर्षांच्या अंतराने झालेले हे चित्रपट एका पाठोपाठ पाहिले की हे चक्र पूर्ण फिरताना दिसतं. एकेकटा पाहिला तर त्याचा अर्धाच फेरा दिसतो.

‘घटश्राद्ध’ला त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. हीच कथा पुढे अरुण कौल यांनी हिंदीत ‘दीक्षा’ (१९९१) म्हणून केली, त्यात नाना पाटेकर होते. मूळ चित्रपटाचं मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने जतनकाम झालं आणि २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो पुन्हा झळकला.

ही जुनी गोष्ट झाली, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. जिवंत माणसाला जातीसाठी मेलेलं ठरवायचं काम महाराष्ट्रात जातपंचायती परवापरवापर्यंत करत होत्या. २०१३ मध्ये नाशिकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती द्यायची मोहीम हाती घेतली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ चा कायदा केला. ‘घटश्राद्ध’मधलं गाव आणि या पंचायती यांत जातीचा फरक आहे, कामाची पद्धत एकच आहे.

वस्तरा खाली ठेवणारे

हात नाही म्हणाले तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याआधी केशवपनाच्या बाजूने आणि विरुद्ध शास्त्रार्थाचे ढीग पडले होते. या माणसांनी शास्त्रार्थ केला नाही. आमच्या हातून हे काम होणार नाही, एवढंच सांगितलं. वस्तरा ज्याच्या हातात, त्याचा नकार धर्मसभेच्या निकालापेक्षा जवळचा असतो.

प्रेमा कारंथ यांचा कन्नड ‘फणियम्मा’ (१९८३) याच जागेवर येऊन उभा राहतो. एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट आहे. फणियम्मा लहानपणीच विधवा होते, केस जातात, उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात राबण्यात जातं. तिच्या म्हातारपणी घरातली एक तरुण विधवा केस काढायला नकार देते. आता सगळ्यांना वाटतं की जिने सगळं सोसलं ती फणियम्मा त्या पोरीला दटावेल, कारण तिला सोसल्याचा अधिकार आहे. फणियम्मा मात्र त्या पोरीची बाजू घेते. माझ्यावर झालं म्हणून तुझ्यावर व्हायला हवं, ही साखळी तिच्यापाशी तुटते. शिरोळ तालुक्यातल्या त्या बाईंची साखळी आठवली ती इथे.

दीपा मेहतांचा ‘वॉटर’ही याच प्रश्नाभोवती फिरतो, जरी त्याची आठवण निघते ती वेगळ्या कारणाने. २००० च्या सुरुवातीला बनारसमध्ये त्याचे सेट गंगेत फेकले गेले, चित्रीकरण थांबलं. पुढे तो श्रीलंकेत नव्याने चित्रित झाला आणि २००५ मध्ये पुरा झाला. त्याची गोष्ट १९३८ सालातली आहे. म्हणजे ‘कुंकू’ची गोष्ट महाराष्ट्रात पडद्यावर आली त्याच्या पुढच्या वर्षातलं जग एकविसाव्या शतकाच्या तोंडावर काशीत चित्रित करता आलं नाही. दंगा करणाऱ्यांना वाटलं चित्रपट धर्मावर आरोप करतोय. चित्रपटात मात्र आश्रमातली विधवा मधुमतीच तरुण विधवेला धनिकांकडे पाठवते, आणि त्याच आश्रमातली विधवा शकुंतला एका लहान पोरीला उचलून धावत्या गाडीत दुसऱ्याच्या हाती सोपवते. धरून ठेवणारा हात आणि सोडवणारा हात, दोन्ही एकाच पांढऱ्या लुगड्यातले.

डोंगरावर

सौंदत्तीला जायला कोल्हापूरकरांना वाट विचारावी लागत नाही. मार्गशीर्षात यल्लम्माच्या यात्रेला एसटीच्या खास गाड्या सुटतात, गल्लीच्या गल्ली एकत्र निघते. निपाणी, बेळगाव करत डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलं की आधी जोगुळबावीला आंघोळ, मग वर. डोंगरावर भंडाऱ्याने हवा पिवळी होते, ‘उदं गं आई उदं’चा घोष, डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगतिणी, साडी नेसलेले जोगते, चौंडक्याची तार. परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते आणि वाटीत आंबील, घुगऱ्या, वरणं-वांगं, कांद्याची पात पडते. हा सगळा सोहळा माणसांनी गच्च भरलेला, हसरा असतो. अन्याय शोधायला गेलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी दिसत नाही.

तो दिसायला जटेपासून सुरुवात करावी लागते. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत की गुंता होतो. गुंत्याला बोट लावायचं नाही असं कुणीतरी सांगतं. मग त्यावर भंडारा आणि तेल पडतं, गुंता घट्ट होतो, त्याची जट होते. आता ती देवीची खूण ठरते. घरात मुलगी लग्नाची, बाप गरीब, जात खालची. कुणी जाणता सांगतो की देवीने मागून घेतलीय. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडते आणि मुलगी जोगतीण होते. रूढीने तिचं लग्न होऊ शकत नाही, पण गावातला पैसेवाला तिला ठेवू शकतो. त्यालाही या पट्ट्यात रीतसर विधीचं रूप आहे.

‘जोगवा’तल्या सुलीचं हेच होतं. मुक्ता बर्वेंची सुली आणि उपेंद्र लिमयेंचा तायप्पा. तायप्पाच्या लघवीतून रक्त जातं. डॉक्टरकडे न्यायच्या आजाराला घरचे देवीचं बोलावणं समजतात आणि त्याला साडी नेसवतात. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर राजीव पाटील यांनी हा चित्रपट उभा केला. गवस आणि चारुता सागर याच भागातले, म्हणून त्यातली बोली आणि माणसं उसनी वाटत नाहीत. सुलीला जोगतीण करणारे तिचेच आई-बाप आहेत. ते रडतात आणि करतात.

यल्लम्मा म्हणजेच रेणुका, आणि तिची कथाही हातांचीच आहे. जमदग्नीने रेणुकेचं शीर उडवायला सांगितलं, तेव्हा थोरल्या मुलांनी नकार दिला. परशुरामाने परशू उचलला. आज्ञाधारक मुलाची आपण पूजा करतो, नकार देणाऱ्या भावांची नावंही पटकन आठवत नाहीत. पुढे जमदग्नी मारला गेला म्हणून रांडाव पुनवेला जोगतिणींच्या बांगड्या फुटतात, आणि अहेव पुनवेला पुन्हा हिरवा चुडा भरला जातो. देवीचं वैधव्य काही आठवड्यांत फिटतं. तिच्या दर्शनाला आलेल्या बाईचं जन्मभर फिटत नाही, आणि या विसंगतीचा गलबल्यात कुणाला त्रास होताना दिसत नाही.

जोगतीणही देवदासीच, आणि या प्रथेविरुद्ध कायदे कमी नाहीत. १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने देवदासीचं लग्न कायदेशीर मानलं. कर्नाटकाचा १९८२ चा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा आहे. मुलगी देवाला सोडणं हा गुन्हा ठरला, त्यात भाग घेणाराही गुन्हेगार ठरला. कायद्याआधी माणसं राबली. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने आणि निपाणीत सुभाष जोशी यांनी देवदासींना संघटित केलं, परिषदा घेतल्या. डोंगरावरचा बंदोबस्त वाढला तसा विधी डोंगरावरून उतरला आणि गावात, घराच्या चार भिंतींत होऊ लागला. तिथे पोलिसाची नजर पोहोचत नाही, शेजारणीची पोहोचते.

जट कापणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पक्कं माहीत असतं. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो आधीच्या बोलण्यात. जट कापली तर घरात कुणीतरी दगावेल, ही भीती बाईच्या एकटीच्या मनात नसते, ती सासू, नवरा, दीर सगळ्यांच्या मनात असते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते कात्री काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून घेतात. ज्या घराने जट ठेवायला लावली त्याच घराला ती काढायला लावायची असते.

गाणं उरलं

‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सामाजिक प्रश्नावरचा चित्रपट म्हणून एक, उपेंद्र लिमयेंना अभिनयाचा, अजय-अतुलना संगीताचा, आणि ‘जीव रंगला’साठी हरिहरन व श्रेया घोषालना गायनाचा. आज हा चित्रपट सगळ्यांत जास्त कुठे भेटतो? लग्नाच्या हॉलमध्ये आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात. ‘जीव रंगला’वर नवरा-नवरी स्टेजवर येतात. ‘लल्लाटी भंडार’वर चौथी-पाचवीच्या मुली कपाळभर हळद लावून, डोक्यावर परडी घेऊन नाचतात, आणि पालक मोबाइल वर धरून उभे असतात.

यात मुलींचा दोष नाही, गाण्याचाही नाही. ते गाणं उत्तम आहे आणि म्हणूनच तर ते चित्रपटातून सुटून निघालं. पण चित्रपटात ज्या वेशाची सुलीला धास्ती वाटते तोच वेश आता भाड्याने मिळतो. पंधरा वर्षांत चित्रपटाचं दुःख गळून गेलं आणि रंग तेवढा राहिला. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत का नव्हतं, ते मला स्नेहसंमेलनाच्या खुर्चीत बसून नीट कळलं. संगीताला दुःख गोड करता येतं, आणि गोड झालेलं दुःख कुठेही वाढता येतं.

टी. एस. रंगा यांचा ‘गिद्ध’ (१९८४) याच सीमाभागातल्या देवदासींवरचा. स्मिता पाटील, ओम पुरी, नाना पाटेकर त्यात होते. त्यातलं गाणं कुठल्याही स्नेहसंमेलनात वाजत नाही, आणि चित्रपटही फारसा कुणी पाहिलेला नाही. बाईवरचा अन्याय दाखवणाऱ्या चित्रपटापुढे हा पेच कायमचा आहे. लोकांपर्यंत पोहोचायचं तर गाणं लागतं, आणि गाणं पोहोचलं की बाकीचं मागे राहतं.

अजून न झालेला चित्रपट

शिरोळ तालुक्यातल्या त्या सोप्यावर मी विचारलं होतं, गावात चित्रपट दाखवला तर कुठला आवडेल? बायकांनी दोन-तीन देवीच्या चित्रपटांची नावं घेतली. मी ‘फणियम्मा’ची गोष्ट सांगितली, तेव्हा मघाच्याच बाई पुढे सरकल्या. केस काढायला नाही म्हणणाऱ्या पोरीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. “त्या म्हातारीला वाळीत न्हाई टाकलं?” असं विचारलं.

शहरातला प्रेक्षक नाही म्हणणाऱ्या नायिकेकडे बघतो. जिच्या हातून हे काम करवून घेतात ती बाई मात्र आपल्यासारखीला शोधते: जिने आधी केलं, मग थांबवलं, आणि त्यानंतरही गावात राहिली. नीरा, यमुना, सुली या तिघी सोसणाऱ्या किंवा बंड करणाऱ्या आहेत, आणि त्यांच्यावर मोठे चित्रपट झाले. बांगड्या फोडायला बोलावणं आल्यावर ‘मी येत नाही’ असं सांगणाऱ्या बाईवर अख्खा चित्रपट मला तरी अजून भेटलेला नाही. ‘फणियम्मा’ आणि ‘वॉटर’ तिच्या जवळ जातात, पण तोवर शेवट आलेला असतो. उद्या भावकी तिच्याशी बोलते का, तिच्या घरातल्या कार्याला माणसं येतात का, पुढच्या बोलावण्याला तिच्या जागी कोण जातं, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

तोवर ग्रामपंचायतींनी ठरावाच्या जोडीला एवढं करायला हरकत नाही: कुणी नव्याने विधवा झाली की तिच्याकडे जायच्या आधी, जिला बोलावणं जाणार आहे तिच्याकडे जावं. ती कोण हे प्रत्येक गावाला माहीत असतं. तिला कायदा सांगायची फारशी गरज नाही. ‘तू गेली नाहीस तर आम्ही तुझ्या बाजूने आहोत’ एवढं चार माणसांनी तिच्या दारात उभं राहून सांगितलं, तर ठरावातलं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं शेजारणीचं आहे, आणि ते संक्रांतीला दिसतं.